महाराष्ट्र फिल्म कंपनीची गोष्ट

आनंदराव पेंटर १९१६ साली वारले, तेव्हा कोल्हापुरात त्यांच्या कामाच्या जागी एक कॅमेरा अर्धवट जोडलेला पडून होता. चित्रपट काढायचा ध्यास त्यांनी आणि त्यांच्या नात्यातल्या भावाने, बाबूरावांनी, मिळून घेतला होता. दोघांनी मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले होते, लोकांना चित्रपट दाखवण्याचा धंदाही करून पाहिला होता. आता एकटे उरलेले बाबूराव पंचविशीत होते. शाळेचे शिक्षण बेताचे, गाठीला पैसा नाही, इंग्रजी तांत्रिक पुस्तके वाचून समजून घेण्याची सोय नाही. तरी तो कॅमेरा त्यांनी सोडला नाही. विष्णुपंत दामले या आपल्या शिष्याला हाताशी घेऊन त्यांनी तो पुरा केला. साल १९१८. पुढची बारा-तेरा वर्षे मराठी चित्रपटाचा सगळ्यांत महत्त्वाचा प्रवाह याच यंत्रातून वाहिला.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणे कारागिरांचे. लाकूड, धातू, माती, रंग या सगळ्यांशी हाताची ओळख लहानपणीच झालेली. ‘पेंटर’ हे नाव धंद्यावरून चिकटले आणि मूळ आडनाव मागे पडले. तो काळ संगीत नाटकाच्या वैभवाचा होता. केशवराव भोसल्यांची ‘ललितकलादर्श’ आणि तिच्या तोडीच्या इतर मंडळ्या गावोगाव फिरत होत्या, आणि राजवाडा, अरण्य, नदीकाठ, दरबार हे सारे कापडावर रंगवून घेत होत्या. पडदा वर गेला की गाणे सुरू होण्याआधीच टाळी पडावी, असे काम आनंदराव-बाबूरावांचे असे. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघांना पडद्यावरचे अरण्य हलताना दिसू लागले.

फाळके कॅमेरा आणायला लंडनला गेले होते. तो मार्ग कोल्हापूरच्या या दोन भावांना खुला नव्हता. मग कॅमेरा घरीच करायचा, असे ठरले. आज हे वाक्य सहज लिहून जाते, पण त्यातले काम समजून घेतले पाहिजे. मूकपटाचा कॅमेरा म्हणजे भिंग लावलेली नुसती पेटी नव्हे. फिल्मच्या दोन्ही कडांना भोके असतात, प्रत्येक चित्रामागे एका बाजूला चार. त्या भोकांत दाते अडकवून फिल्म खाली ओढायची, क्षणभर थांबवायची, थांबलेली असतानाच झडप उघडून प्रकाश आत घ्यायचा, झडप मिटायची, पुन्हा ओढायची. हे एका सेकंदात सुमारे सोळा वेळा. शिवाय सगळे हाताने फिरवलेल्या दांड्यावर चालायचे. दात्याच्या मापात केसाएवढी चूक झाली तरी पडद्यावरचा माणूस थरथरू लागतो. असे यंत्र बाबूरावांनी समोरचा नमुना उकलून, सुटे भाग घासून, पुन्हा पुन्हा जोडून उभे केले. भारतात तेव्हा इतर निर्मात्यांकडे असलेले कॅमेरे विलायतेतून विकत आलेले होते. बाबूरावांचे वेगळेपण इथून सुरू होते. आपल्या कलेचे हत्यार त्यांनी स्वतः घडवले होते. त्यामुळे ते कसे वाकते, कुठवर ताणता येते, हे त्यांना कोणाला विचारावे लागत नव्हते.

कॅमेरा पुरा होण्याआधीच महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली होती. १ डिसेंबर १९१७ हा तिचा स्थापनादिवस मानला जातो. कंपनीला सुरुवातीचे मोठे आर्थिक साहाय्य मिळाले ते तानीबाई कागलकर या गायिकेकडून. मराठी चित्रपटाच्या इतिहासात या बाईंचे नाव एखाद्या ओळीत येऊन जाते, ते ठळक अक्षरांत यायला हवे. ज्या धंद्याची कोणाला खात्री नव्हती, ज्याला प्रतिष्ठा नव्हती, त्यात एका गाणाऱ्या बाईने स्वतःच्या गळ्यावर कमावलेला पैसा घातला. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात गवई, मल्ल, चित्रकार, नट यांना मान होता, त्या वातावरणाचाही यात वाटा आहेच.

कंपनीभोवती माणसे जमली तीही अशीच, हाताने काम करणारी. दामले होते. शेख फत्तेलाल होते, कागलचे, रंगरेषांचे जाणकार, पुढे सगळ्यांचे ‘साहेबमामा’ झालेले. व्यवस्था बघायला बाबूराव पेंढारकर आले, आणि १९२० मध्ये ते आपल्या मावसभावाला घेऊन आले. त्या मुलाचे नाव शांताराम वणकुद्रे. पडेल ते काम करायचे, या अटीवर तो राहिला. कुस्तीगीर, कारागीर, नाटकातले लोक, अशी ही मंडळी एका आवारात राहून चित्रपट शिकली. शिकवणारे बाबूराव पेंटर स्वतः फारसे बोलत नसत. ते करून दाखवत.

पहिला चित्रपट ‘सैरंध्री’. विराटाच्या दरबारात दासी होऊन राहिलेली द्रौपदी, तिच्यावर डोळा ठेवणारा कीचक आणि त्याला ठार करणारा भीम. ही कथा त्या काळच्या मराठी माणसाला नुसती महाभारतातली राहिली नव्हती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकात प्रेक्षकांनी कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झनला पाहिले होते, आणि १९१० मध्ये सरकारने त्या नाटकावर बंदी घातली होती. त्यानंतर दहा वर्षांनी, ७ फेब्रुवारी १९२० रोजी, तीच कथा पुण्यात आर्यन थिएटरच्या पडद्यावर आली. बाळासाहेब यादव भीम झाले होते आणि झुंजारराव पवार कीचक. कीचकाच्या मृत्यूचे दृश्य बाबूरावांनी इतके खरे वठवले की प्रेक्षागृहात बायकांना भोवळ आली, असे त्या वेळच्या आठवणींत आहे. ते दृश्य पुढे सेन्सॉरने कापायला लावले. लोकमान्य टिळकांनी चित्रपट पाहिला आणि बाबूरावांना सुवर्णपदक देऊन ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले. त्यानंतर सहाच महिन्यांत, १ ऑगस्टला, लोकमान्य गेले.

या चित्रपटात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. फाळक्यांच्या तारामतीचे काम अण्णा साळुंके या तरुणाने केले होते. लगेच पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई आल्या, पण तो पायंडा सगळीकडे पडला नव्हता. बाबूरावांच्या कंपनीत गुलाबबाई आणि अनसूयाबाई आल्या. पडद्यावर त्या कमलादेवी आणि सुशीलादेवी झाल्या. कंपनी उभी करायला एका बाईने पैसा दिला आणि तिच्या चित्रपटांना चेहरा दोन बायांनी दिला. या तिघींच्या धाडसावर पुढच्या सगळ्या नायिकांची वाट मोकळी झाली. समाजाने त्यांना त्या वेळी कोणती वागणूक दिली असेल, हे सांगायला नकोच.

चित्रकार दिग्दर्शक झाला की काय घडते, ते महाराष्ट्र फिल्म कंपनीत दिसू लागले. दृश्य घेण्याआधी बाबूराव ते कागदावर काढत: पात्र कुठे उभे, पागोट्याची ठेवण कशी, प्रकाश कुठून येणार. आयुष्यभर पडदे रंगवलेल्या या माणसाने चित्रपटातून रंगवलेले पडदे काढून टाकले, हे मला त्यांच्या कामातले सगळ्यांत मोठे पाऊल वाटते. नाटकाच्या पडद्याला खोली नसते. ती डोळ्याने मानून घ्यायची असते. कॅमेरा मानून घेत नाही. म्हणून त्यांनी खांब, पायऱ्या, कमानी खऱ्याखुऱ्या उभ्या केल्या. माणूस ज्यांच्या मागे जाऊ शकेल, ज्यांची सावली जमिनीवर पडेल अशा. तोवर सगळे चित्रण उघड्यावर सूर्यप्रकाशात व्हायचे. कडक ऊन मलमलीच्या कापडातून गाळून घेणे, चकचकीत फळ्यांवरून ते चेहऱ्यावर वळवणे, हे प्रयोग रोजचेच होते. ‘सिंहगड’च्या वेळी त्यांनी कृत्रिम प्रकाश आणून रात्रीच्या लढाईची दृश्ये घेतली.

‘सिंहगड’ आला १९२३ मध्ये, हरि नारायण आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवरून. शिवाजी महाराजांची भूमिका बाबूरावांनी स्वतः केली, शांताराम शेलारमामा झाले. देवदेवतांच्या कथांवर चाललेल्या मूकपटात मराठ्यांचा इतिहास असा दिमाखाने पहिल्यांदा उतरला, आणि लोक अक्षरशः लोटले. मुंबई प्रांतात करमणूक कराचा कायदा याच वर्षी झाला. ‘सिंहगड’च्या तिकीटबारीवरची गर्दी पाहूनच सरकारचे डोळे या उत्पन्नाकडे वळले, अशी आठवण जुन्या जाणकारांनी नोंदवून ठेवली आहे.

जाहिरातीतही ते इतरांच्या पुढे होते. १९२१-२२ च्या सुमारासच त्यांनी चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रे असलेल्या छापील पुस्तिका वाटायला सुरुवात केली. पोस्टर ते स्वतः रंगवत. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे त्यांच्या हातचे पोस्टर हे आज शिल्लक असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत मोडते.

मग आला ‘सावकारी पाश’.

१९२५ साल. कंपनीचे नाव झालेले, पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांना मागणी असलेली, वितरकांना तेच हवे असलेले. अशा वेळी बाबूरावांनी कथा निवडली ती कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची. कथा नारायण हरि आपट्यांची. हे आपटे वेगळे. ‘न पटणारी गोष्ट’ लिहिणारे, जिच्यावरून शांतारामांनी पुढे ‘कुंकू’ काढला. ‘सावकारी पाश’मधला शेतकरी सावकाराच्या कागदात अडकतो, जमीन घालवून बसतो आणि पोटासाठी शहरात येऊन गिरणीत लागतो. तरुण शेतकरी झाले होते शांताराम, सावकार झुंजारराव पवार, आणि शेतकऱ्याच्या घरातली बाई कमलादेवी.

दख्खनच्या शेतकऱ्याला ही गोष्ट कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. १८७५ मध्ये पुणे-नगर भागातल्या कुणब्यांनी सावकारांच्या घरांत घुसून कर्जरोखे जाळले होते. सरकारला १८७९ मध्ये त्यासाठी कायदा करावा लागला. तरी कर्ज, गहाणखत, जप्ती आणि मुंबईची गिरणी हा रस्ता काही बंद झाला नाही. बाबूरावांनी हा रस्ता पडद्यावर आणला तेव्हा जगातही असे चित्रपट थोडेच होते. भारतात तर नायक म्हणजे राजा, देव किंवा संत. इथे नायकाच्या अंगावर फाटके कपडे होते आणि त्याच्या पाठीशी कुठलाही चमत्कार नव्हता. चित्रपटातले एक दृश्य पाहणाऱ्यांच्या मनात वर्षानुवर्षे राहिले: रात्रीची अंधारलेली झोपडी आणि बाहेर रडणारे कुत्रे. आवाज नसलेल्या चित्रपटात कुत्र्याचे रडणे प्रेक्षकांना ऐकू आल्यासारखे वाटले, एवढी ताकद त्या चौकटीत होती. बिमल रॉयांचा ‘दो बिघा जमीन’ याच वाटेने शेतकऱ्याला शहरात घेऊन गेला, तो १९५३ मध्ये. म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी.

‘सावकारी पाश’ चालला नाही. पौराणिक वैभवाला सरावलेल्या प्रेक्षकांनी पाठ फिरवली. जाणकारांनी डोक्यावर घेतलेला हा चित्रपट तिकीटबारीवर पडला, आणि कंपनीला पुन्हा मुकुट-तलवारींकडे वळावे लागले.

स्वतंत्र निर्मात्याच्या आयुष्यातला हा नेहमीचा पेच आहे, आणि बाबूरावांच्या बाबतीत तो फार लवकर, फार उघडपणे समोर आला. कॅमेरा त्यांचा होता, हात त्यांचे होते, कल्पना त्यांची होती. भांडवल मात्र दुसऱ्यांचे होते. कोरी फिल्म परदेशातून विकत यायची, भागीदारांना परतावा हवा असायचा, मुंबईत कोहिनूर, इम्पीरिअल यांसारख्या मोठ्या कंपन्या एकामागून एक चित्रपट बाहेर काढत होत्या. बाबूराव एका दृश्यासाठी लागेल तेवढा वेळ घेणारे. मनासारखा प्रकाश मिळेपर्यंत थांबणारा माणूस आणि महिन्याच्या हिशेबाकडे बघणारे भागीदार यांचे फार दिवस जमत नाही.

कंपनीतल्या तरुणांनाही आता स्वतःचे काही करायचे होते. १९२७ मध्ये शांतारामांनी ‘नेताजी पालकर’ दिग्दर्शित केला, १९२८ मध्ये दामले-फत्तेलालांनी ‘कर्ण’. दोन्ही चित्रपट बाबूरावांच्याच छत्राखाली झाले, पण शिष्यांचे हात तयार झाल्याचे त्यात दिसले. १ जून १९२९ रोजी शांताराम, दामले, फत्तेलाल आणि केशवराव धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी या सराफांना बरोबर घेऊन कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. एका संस्थेतून तिचे चार मुख्य आधार एकाच वेळी निघून गेले. ‘महाराष्ट्र’ त्यातून सावरली नाही. १९३० मध्ये बाबूरावांनी ‘लंका’ केला आणि १९३१ मध्ये कंपनी बंद पडली.

त्याच वर्षी मार्चमध्ये ‘आलम आरा’ने भारतीय चित्रपटाला बोलते केले होते. बाबूरावांना बोलपटाचे कौतुक नव्हते. इतक्या कष्टाने घडवलेली दृश्यांची भाषा संवादांच्या गर्दीत हरवेल, अशी त्यांना धास्ती होती. सुरुवातीच्या कित्येक बोलपटांत पात्रे ध्वनिग्राहकापाशी एका जागी उभी राहून बोलतात आणि गातात, ते पाहिले की ही धास्ती रास्त होती असेच म्हणावे लागते. ती खोटी पाडली ती त्यांच्याच शिष्यांनी. दामले-फत्तेलालांच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये देहूचा रस्ता, घर, म्हैस, जिजाईचा संसार ज्या सहजतेने येतो, त्यात बाबूरावांच्या आवारात मिळालेले शिक्षण जागोजाग दिसते. व्हेनिसच्या महोत्सवात त्या चित्रपटाचा गौरव झाला.

बाबूरावांनी बोलपटही केले. कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनसाठी ‘उषा’ आणि ‘प्रतिभा’ दिग्दर्शित केले. १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ पुन्हा, या वेळी आवाजासह, काढला. पडलेल्या चित्रपटाकडे अकरा वर्षांनी परत जाणारा दिग्दर्शक त्या विषयाशी किती बांधलेला असेल! १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’च्या वेळी शांतारामांनी आपल्या गुरूंना बोलावले आणि दिग्दर्शक म्हणून दोघांची नावे एकत्र आली. निर्मिती ‘राजकमल’ची, म्हणजे शिष्याची. १९५२ चा ‘विश्वामित्र’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. मधल्या वर्षांत ते चित्रकला आणि शिल्पकलेकडे परतले होते. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले. लोक त्यांना कलामहर्षी म्हणतात. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभ आहे, आणि दर वर्षी १ डिसेंबरला तिथे चित्रपटातली मंडळी जमतात.

महाराष्ट्र फिल्म कंपनीला ‘प्रभात’ची प्रस्तावना म्हणून दोन परिच्छेदांत आटोपण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. हा अन्याय आहे. ‘प्रभात’चे चित्रपट आपल्याला पाहता येतात, म्हणून ते मोठे दिसतात. बाबूरावांच्या मूकपटांपैकी हाती उरले आहेत ते ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’सारख्या १९२७ च्या चित्रपटांचे अंश. ‘सैरंध्री’ नाही, ‘सिंहगड’ नाही, १९२५ चा ‘सावकारी पाश’ नाही. त्या काळची नायट्रेट फिल्म ठिणगी लागताच पेटायची, दमट हवेत सडायची. शिवाय तिच्यातली चांदी काढून घेण्यासाठी जुनी रिळे विकली जायची. ज्या चित्रपटाने भारतीय पडद्यावर शेतकऱ्याला पहिल्यांदा माणूस म्हणून उभे केले, तो आज कोणालाही पाहता येत नाही.

मात्र चित्रपटाभोवतीचा कागद अजून कुठे कुठे उरलेला असू शकतो. कोल्हापूर, सांगली, पुणे, बेळगाव या भागांत ज्यांच्या घरी कोणी थिएटर चालवत होते, तंबूत सिनेमा दाखवत होते, नाटक कंपनीत किंवा छापखान्यात कामाला होते, त्यांनी माळ्यावरच्या ट्रंका एकदा नीट उघडून पाहाव्यात. महाराष्ट्र फिल्म कंपनीची पुस्तिका, हँडबिल, करारपत्र, चित्रणाच्या वेळचा फोटो, काहीही सापडले तर ते रद्दीत देऊ नये. रिळाचा डबा सापडला तर तो घरी उघडू नये, उन्हात किंवा विस्तवाजवळ ठेवू नये. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून हेच काम करते आहे, त्यांना कळवावे.